मँचेस्टरकर

आमच्या गल्लीत एक निपाणीकर आहेत, एक इचलकरंजीकर आहेत आणि एक मँचेस्टरकर. पहिल्या दोघांची आडनावं रेशन कार्डावर आहेत, तिसऱ्यांचं गल्लीनं ठेवलेलं. त्यांचा पासपोर्ट अजून निघालेला नाही आणि बेळगावच्या पुढं ते फक्त वऱ्हाडाबरोबर जातात.

आता कोल्हापुरात फुटबॉलवेडा असणं यात काही विशेष नाही. इथं पेठेपेठेत तालीम आणि तालमीतालमीची फुटबॉल टीम. शाहू स्टेडियमवर दोन पेठा भिडल्या की त्या आठवड्यात जावई सासऱ्याकडं जेवायला जात नाही. मँचेस्टरकरही एकेकाळी तालमीकडून लेफ्ट बॅक होते, म्हणजे राखीव खेळाडूंत बसत होते. पण तालमीच्या टीमविषयी ते जपून बोलतात. तिथला कोच समोरच्या घरात राहतो आणि त्याला ऐकू जातं. मँचेस्टर युनायटेडचं तसं नाही. तिच्या कोचला गेली बारा-तेरा वर्षं ते खणखणीत आवाजात सल्ला देताहेत, आणि एकाही कोचनं उलटून उत्तर दिलेलं नाही.

ही बाधा झाली २६ मे १९९९ च्या रात्री. बार्सिलोनात चॅम्पियन्स लीगची फायनल. आपल्याकडं मध्यरात्र कधीच उलटलेली, बायर्न म्युनिक एका गोलनं पुढं, आणि इंज्युरी टाइममध्ये आधी शेरिंगहॅमचा गोल, मागोमाग सोल्सकायरचा. कॉलेजात असलेल्या मँचेस्टरकरांना वाटलं, फुटबॉल हा असाच असतो. पुढची चौदा वर्षं तो बराचसा तसाच होता, कारण बाकावर सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन होते. मँचेस्टरकर त्यांचं नाव घेत नाहीत. वस्ताद म्हणतात.

वस्ताद २०१३ साली क्लबला विसावी लीग जिंकून देऊन निवृत्त झाले. एकविसावी अजून आलेली नाही. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो पण एक राखून ठेवतो, ही गोष्ट कोल्हापुरात पाळण्यातल्या पोराला माहीत असते. मँचेस्टरकरांचं म्हणणं, तो राखलेला डाव घेऊनच म्हातारा घरी गेला. "कॅमेरा जातोय बघा त्यांच्यावर. स्टँडात बसल्यात, च्युइंगगम चघळाल्यात. सगळं दिसतंय माणसाला. पण सांगंनात!"

आणि वस्तादांना तरी सुरुवातीला कोण विचारत होतं? १९८६ च्या नोव्हेंबरात आले, पहिला चषक १९९० साली. मधल्या काळात, १९८९ मध्ये, खुद्द ओल्ड ट्रॅफर्डवर त्यांना घरी जायला सांगणारा फलक झळकला होता. ही माहिती मँचेस्टरकर प्रत्येक नव्या कोचच्या पहिल्या पराभवानंतर सांगतात. तिसऱ्या पराभवापर्यंत सांगतात. चौथ्यानंतर तो फलक कुठल्या कापडाचा होता याची चौकशी सुरू होते.

डेव्हिड मोयेसचं बघा. वस्तादांनी स्वतः निवडलेला, करार सहा वर्षांचा. ऑगस्टात मँचेस्टरकर म्हणाले, "वस्तादाची निवड हाय, आपण बोलायचं न्हाई." दिवाळीला म्हणाले, वेळ द्यायला पाहिजे. मार्चमध्ये तिकडच्या चाहत्यांनी पैसे गोळा करून स्टेडियमवरून विमान उडवलं, शेपटीला 'मोयेस नको' असा फलक बांधून. मँचेस्टरकरांचे डोळे भरून आले. "आपण चौकात डिजिटल लावतो, ते आभाळात लावतात. भावना एकच." एप्रिलमध्ये मोयेस गेला आणि त्याच संध्याकाळी गंगावेशीत दुधाचा पेला हातात घेऊन मँचेस्टरकरांनी मृत्युलेख वाचला, "माणूस वाईट नव्हता."

तेव्हापासून हे वाक्य ठरून गेलंय. व्हॅन हाल एफए कप जिंकला आणि दोन दिवसांत घरी गेला. माणूस वाईट नव्हता. मोरिन्यो दोन चषक आणि लीगमधला दुसरा नंबर देऊन गेला. तोंडाळ, पण माणूस वाईट नव्हता. सोल्सकायरविषयी तर तीन वर्षं गल्लीत चकार शब्द काढायची सोय नव्हती. बार्सिलोनाच्या त्या रात्रीचा तो देव, आणि देव्हाऱ्यातल्याला कुणी डावपेच विचारतं का? टेन हागनं दोन चषक आणले, शिवाय अँटनी नावाचा खेळाडूही आणला. तोही वाईट नव्हता. म्हणजे टेन हाग. काढून टाकलेला वाईट कोच युनायटेडच्या इतिहासात मी अजून पाहिलेला नाही. वाईट असतो तो सध्याचा.

टेन हागच्याच काळात, ५ मार्च २०२३ ला, लिव्हरपूलनं सात गोल घातले. सात-शून्य. सात हा आकडा युनायटेडवाल्यांना एरवी पूज्य: बेस्ट, कँटोना, बेकहॅम, रोनाल्डो, सगळे सात नंबरी. त्या दिवसापासून मँचेस्टरकर सहा म्हणतात, नाहीतर आठ म्हणतात. मिसळीच्या दुकानात सात जण गेलो तर "सहा द्या, आणि नंतर एक द्या" अशी ऑर्डर जाते. आमच्यात एक बँकेतले कॅशियर आहेत, लिव्हरपूलवाले. ते बिल देताना मुद्दाम माणसं मोजतात. २०२५ साली लिव्हरपूलनंही विसावी लीग जिंकून बरोबरी केली, त्या दिवशी कॅशियरसाहेब पेढे घेऊन आले. मँचेस्टरकरांनी पेढा घेतला. आजारी माणसाच्या घरून आल्यासारखा धरला आणि शेजारच्या पोराला दिला.

कोचवर बोलून झालं की गाडी मालकांवर येते. इथं मँचेस्टरकरांचा अभ्यास खरोखर दांडगा. अमेरिकेतल्या ग्लेझर घराण्यानं २००५ साली सुमारे ७९ कोटी पौंडांना क्लब घेतला, बराचसा पैसा उसना, आणि त्या कर्जाचा भार टाकला क्लबच्याच डोक्यावर. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना हे समजवायला तास लागेल. मँचेस्टरकर दुधाचा एक घोट घेऊन सांगतात, "पोरीचेच दागिने गहाण टाकून त्याच पैशावर तिच्याशी लगीन लावलं, असं हाय ते." पोग्बाचा हिशेब त्याहून सोपा. २०१२ साली जवळजवळ फुकट जाऊ दिला, २०१६ ला ८ कोटी ९० लाख पौंड मोजून परत आणला, २०२२ ला पुन्हा फुकट सोडला. "माझ्या वर्कशॉपात असा एक जॉब झाला असता तर दुसऱ्या दिवशी शटरला बँकेचं कुलूप दिसलं असतं."

मग २०२४ च्या सुरुवातीला सर जिम रॅटक्लिफनी पाव हिश्श्याहून थोडा जास्त वाटा घेतला आणि काटकसर सुरू केली. शेकडो कर्मचारी कमी केले, पुढल्या वर्षी कँटीनमधलं फुकटचं जेवण बंद केलं. ती बातमी मँचेस्टरकरांनी उद्यमनगरात वर्कशॉपमध्ये उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवली. "माणसाच्या ताटावर उठलाय हा! खेळाडूला कोटी कोटी देतोय आणि गरिबाचं सूप काढून घेतोय!" लेथवरचा पोरगा मशीन न थांबवता म्हणाला, "मालक, आपल्यात कधी चालू व्हायचं?" बातमी तिथंच घडी घालून खिशात गेली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये रुबेन अमोरिम आला. तरणाबांड, दिसायला देखणा, बोलायला प्रामाणिक. इतका प्रामाणिक की जानेवारीत पत्रकारांसमोर म्हणाला, क्लबच्या इतिहासातली ही कदाचित सगळ्यात वाईट टीम असेल. मँचेस्टरकर हबकले. हे बोलायचं काम त्यांचं होतं. सीझनअखेर टीम पंधरावी आली आणि युरोपा लीगच्या फायनलला इंग्लंडच्या लीगमध्ये सतराव्या आलेल्या टॉटनहॅमकडून हरली. एका इंग्लिश चाहत्यानं ऑक्टोबर २०२४ मध्ये शपथ घेतली होती, युनायटेड लागोपाठ पाच सामने जिंकेपर्यंत केस कापणार नाही. वर्ष उलटलं, डोक्याचं झाड झालं. मँचेस्टरकरांना त्याची कणव येते पण पटत नाही. "नवस बोलताना देवाची ताकद बघून बोलावं."

देवाचा विषय निघालाच आहे. २७ ऑगस्ट २०२५ ला गणेश चतुर्थी होती आणि रात्री साडेबाराला लीग कपमध्ये युनायटेडची मॅच होती, ग्रिम्सबी टाउनशी. ग्रिम्सबी हे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं मासेमारीचं बंदर, टीम चौथ्या पायरीवरच्या लीगमधली. मँचेस्टरकरांकडं आरतीला गेलेला मी मोदकांच्या मोहात तिथंच राहिलो. गणपती हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारच्याच टेबलावर, आणि वहिनींची एकच अट होती, मूर्तीसमोर शिवी चालायची नाही.

पहिला गोल बसला. मँचेस्टरकर म्हणाले, "मोरया." आठेक मिनिटांत दुसरा बसला. "मोरया! मोरया!!" हा जप एवढ्या तळमळीनं चालला होता की वरच्या मजल्यावरच्या आजी जाग्या झाल्या आणि त्यांनी तिथूनच हात जोडले असणार. त्या उन्हाळ्यात वीस कोटी पौंडांच्या घरात पैसे मोजून नवे फॉरवर्ड आणलेले, आणि गोल घालताहेत बंदरावरची पोरं. ग्रिम्सबीचे प्रेक्षक हवा भरलेले प्लॅस्टिकचे मासे घेऊन मॅचला येतात, असं मँचेस्टरकरांनी माहितीसाठी सांगितलं. आतून वहिनींचा आवाज आला, "आज चतुर्थी. आज तरी मासे नको होते."

शेवटच्या मिनिटांत मॅग्वायरनं बरोबरी साधली आणि पेनल्ट्या सुरू झाल्या. त्या संपेनात. पडद्यावर अमोरिम पावसात बाकावर बसलेला. मघाशी हातातल्या छोट्या बोर्डवर चुंबकाच्या सोंगट्या सरकवताना दिसला होता, आता पेनल्ट्यांकडं बघतही नव्हता. मँचेस्टरकरांनी मूर्तीकडं तोंड करून डोळे मिटले, म्हणजे दोघंही बघत नव्हते. शेवटी बारा-अकरा. नव्या फॉरवर्डांपैकी म्बेमोचा चेंडू आडव्या बारवर आपटला आणि घरात शांतता पसरली. ती फार वेळ राहिली तेव्हा वहिनींनी अंथरुणातून विचारलं, "अहो, झालं का विसर्जन?"

नंतरच्या महिन्यात मँचेस्टरकरांनी मला वर्कशॉपमध्ये बोलावून अमोरिमचं कुठं चुकतं ते दाखवलं. सरफेस प्लेट पुसली. त्या प्लेटवर एरवी ते कुणाला चहाचा कपही ठेवू देत नाहीत. तीवर अकरा नट मांडले. ब्रुनो फर्नांडिससाठी मुद्दाम पितळी बुश.

"हे तीन मागं. हे चार मधी, हे तीन पुढं. पण चारातले दोघं कडंला पळणार, म्हंजे मधी उरले दोन. समोरच्यांचे मधी तीन आले की आपलं भगदाड पडलं. दिसालंय न्हवं?"

"मग मधे तीन ठेवायचे."

"त्येच तर! तुमच्यासारख्याला बी कळतंय. आणि हा गडी म्हणतोय, पोप आले तरी पद्धत बदलणार न्हाई!"

अमोरिम खरंच तसं म्हणाला होता. मी ब्रुनोला थोडं पुढं सरकवू बघत होतो, तेवढ्यात लेथवरचा तोच पोरगा आला. "मालक, ह्यो घेऊ काय? तिकडं जॉब अडकलाय." उत्तराची वाट न बघता त्यानं उजवा विंगबॅक उचलला आणि गेला. मँचेस्टरकर उरलेल्या दहांकडं बघत राहिले. मग एक नट डावीकडून मध्ये ओढून म्हणाले, "बघा. असं तरी बरं दिसतंय."

जानेवारी २०२६ मध्ये अमोरिमही गेला. माणूस वाईट नव्हता, तीन मागं ठेवत होता एवढंच. सीझन संपेपर्यंत मायकेल कॅरिकला बसवलं. वस्तादांच्या हाताखाली खेळलेला, म्हणजे घरातला पठ्ठ्या. त्यानं मागं चार जण लावले, पहिल्याच मॅचला मँचेस्टर सिटीला दोन-शून्यनं हरवलं आणि पुढच्या आठवड्यात आर्सेनलला त्यांच्याच मैदानावर तीन-दोननं.

गल्ली मँचेस्टरकरांच्या अभिनंदनाला धावली. कॅशियरसाहेबांनीसुद्धा हात मिळवला. पण दोन रात्री मँचेस्टरकर गंगावेशीत आले, दूध प्याले, आणि बोलायला काही निघेना. जिंकलेल्या मॅचवर बोलणार काय? गोल कसा झाला ते सगळ्यांनी मोबाइलवर बघितलेलं. कोच बदला म्हणावं तर सोय नाही. मालकांना शिव्या द्याव्यात तर ऐकायला कुणाचं मन लागेना. कट्ट्यावरची पोरं आयपीएलच्या गोष्टी करायला लागली. तिसऱ्या रात्री मात्र ते घाईघाईनं आले, पेला घेतला आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "कॅरिकला कायम करायचा का, हा खरा प्रश्न हाय."

"करू देत की," कॅशियर म्हणाले. "जिंकतोय तर."

"जिंकतोय म्हणूनच तर! सोल्सकायर हंगामी होता तवा पहिल्या आठ मॅच लागोपाठ जिंकला. लगेच कायम केला. पुढं काय झालं?"

आयपीएलवाली पोरं गप्प झाली. एकानं विचारलं, "काय झालं काका?"

मँचेस्टरकरांनी पेला बाकावर ठेवला, ऐसपैस बसले आणि दूधवाल्याला म्हणाले, "ह्या पोरांना एकेक मोठा पेला दे. वेळ लागंल."