चौथ्याचं काय चुकलं?

आमचा फुटबॉल संघ प्लेऑफ जिंकला, तेव्हापासून जूचंद्रात गणिताचे मास्तर फार वाढलेत. दहावीला ज्यांना गणितानं घाम फोडला होता, ते आता येता-जाता खिशातून मोबाइल काढतात आणि लीगचा गुणतक्ता पुढे धरतात. तक्त्यात लाल गोल काढलेला असतो. आमच्या नावाभोवती नव्हे, नावाआधीच्या आकड्याभोवती. ४. ‘लीगमध्ये चौथे होतात ना? मग चषक कसला मिरवता?’

होतो. चौथेच होतो. लपूनछपून नव्हतो. पहिले चार प्लेऑफ खेळणार हा नियम मोसमाआधी छापून आला होता, त्याखाली सगळ्यांनी सह्या केल्या, वर चहा प्यायले. तेव्हा चार हा आकडा कोणाच्या डोळ्यांत खुपला नाही. मग आम्ही पहिल्या नंबरवाल्यांना सेमीत घरी पाठवलं, दुसऱ्यांना फायनलमध्ये, आणि एकदम सगळ्यांना पाढे आठवले.

बरं, चौथ्याचा एवढा तिटकारा कोणाला? तर नायगाव स्टेशनवरून शेअर रिक्षानं घरी येणाऱ्यांना! मागे तिघं बसले की चौथा ड्रायव्हरच्या शेजारी, अर्धा आत, अर्धा बाहेर. तोही जूचंद्रलाच उतरतो आणि भाडं पूर्ण देतो. त्याच्याआधी लोकलमध्ये ‘जरा सरका’ म्हणत तिघांच्या बाकावर चौथी सीट त्यानंच मिळवलेली असते. त्याला कोणी म्हणतं का, की बाबा, तू चौथा, तू बोरिवलीला उतर, नायगावपर्यंत तिघंच जातील? लाल गोलवाल्या एका गृहस्थांना मी याच डोळ्यांनी पाहिलंय. अंधेरीपासून त्यांची एक मांडी बाकावर आणि दुसरी देवाच्या भरवशावर. मीरा रोड गेलं तरी बाजूचा सरकेना. आणि त्या अवस्थेत, एका हातानं वरची कडी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं मोबाइलवरचा तो ४ मोठा करून समोरच्याला दाखवत होते!

१९९२ साली डेन्मार्क युरो स्पर्धेला पात्रसुद्धा ठरला नव्हता. युगोस्लाव्हियाला बाहेर काढलं म्हणून ऐनवेळी बोलावणं आलं. गेले आणि चषक घेऊन आले. २०१६ साली पोर्तुगालनं गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले, गटात तिसरा आला, आणि शेवटी युरोपचा विजेता ठरला. मास्तरांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘तिकडचं वेगळं.’ बरोबर. तिकडचा तिसरा जिंकला की जिद्द, इकडचा चौथा जिंकला की मटका.

आणि तो शब्द. सातत्य! ‘खरा विजेता तोच, जो मोसमभर सातत्य राखतो.’ अहो, जूचंद्रात सातत्य पाहिलंय कोणी? वसई-दिवा मार्गावर आमचं स्वतःचं स्टेशन आहे. फलाट आहे, पाटी आहे, गाडी तेवढी अधूनमधून. एक चुकली की पुढची येईपर्यंत अख्खा सामना, जादा वेळ आणि पेनल्ट्या उरकून पोरं अंघोळ करून येतील. टँकर कधी येणार हे टँकरवाल्यालाही ठाऊक नसतं. सरावाचं मैदान म्हणाल तर नकाशावर हिरवंगार आहे. प्रत्यक्षात तिथे भराव पडलाय आणि भरावावर टेम्पो उभे आहेत. टर्फवर जावं तर तासाचे पैसे मोजा, आणि तास भरला की वॉचमन दिवे घालवतो, चेंडू हवेत असला तरी. आमचा गोलकीपर रात्रपाळीचा. तो सुटून थेट मैदानात आला त्या दिवशी आम्ही सहसा हरलो नाही. साहेबानं डबल ड्यूटी लावली त्या दिवशी आमचा स्टॉपर त्याचे हातमोजे घालून उभा राहिला आणि जे व्हायचं ते झालं. अशा मोसमात चौथं येणं याला नशीब म्हणता? ज्यांच्या गोलकीपरला सुट्ट्या मिळतात, ज्यांच्या पोरांना घराजवळ गवत मिळतं, त्यांनी आम्हाला सातत्य शिकवू नये. आधी नळाला शिकवा. मग गाडीला शिकवा. तेवढं जमलं की या, आम्ही बाकावर बसून वही काढतो.

जिंकल्यावर पोरांनी चषकाची रांगोळी काढली. जूचंद्रची रांगोळी ती; चषकाच्या चांदीवर समोरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंबसुद्धा पडलेलं. मास्तर आले, चपला बाजूला काढून, वाकून, बराच वेळ पाहिलं. शेडिंगचं तोंडभरून कौतुक केलं. मग कमरेवर हात ठेवून विचारलं, ‘खाली क्रमांक नाही टाकला?’

आता त्यांची नवी सूचना आली आहे. पुढच्या वर्षीपासून प्लेऑफच नको. तक्त्यात जो वर असेल त्याला चषक घरपोच द्यावा. आमची हरकत नाही. मे महिन्यातला एक रविवार मोकळा होईल, आणि भर लग्नसराईत मैदानावर हळदीचा मांडव घालायला तेवढीच सोय. दोन डीजेवाले तारीख विचारून गेलेसुद्धा.