जुन्या होडीची नवी डोलकाठी

ब्रिटनमध्ये 1970च्या दशकातील एखाद्या फायबरग्लासच्या होडीची डोलकाठी, म्हणजे शीड पेलणारा अॅल्युमिनियमचा पोकळ खांब, अपघातात मोडली, तर नवी बसवण्याचा खर्च पुष्कळदा अख्ख्या होडीच्या बाजारभावाशी स्पर्धा करतो आणि चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला हा हिशेब तिथेही तंतोतंत लागू पडतो. डोलकाठी स्वतःच्या बळावर उभी नसते. तिला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारांपैकी एकीच्या टोकाची बोटभर खीळ निसटली, तरी सारा डोलारा पाण्यात जातो, आणि मोडका खांब लाटांबरोबर होडीचेच अंग फोडू लागल्यास मालकाला तारा तोडून तो समुद्रार्पण करावा लागतो. पुढे सर्वेक्षक, म्हणजे विमा कंपनीसाठी नुकसान मोजणारा तज्ज्ञ, नेमका तोच खांब पाहायला मागतो. 1906च्या ब्रिटिश सागरी विमा कायद्याने दुरुस्तीच्या वाजवी खर्चातून ‘रूढ वजावट’ मान्य केली असून, जुन्याच्या जागी नवे मिळाल्याने मालकाचा जो लाभ होतो त्याची ही किंमत लाकडी जहाजांच्या काळात साधारणतः एक-तृतीयांश असे. अपघात माणसाला श्रीमंत करतो, हे विमाशास्त्राइतके कोणालाच उमगलेले नाही. डोलकाठीच्या खोबणीत शुभशकुनाचे नाणे ठेवण्याची प्रथा मात्र वजावटीविना टिकली आहे. लंडनच्या ब्लॅकफ्रायर्सजवळ 1962 साली सापडलेल्या रोमन जहाजाच्या खोबणीत सम्राट डोमिशियनचे नाणे निघाले. त्यावर भाग्यदेवता फॉर्च्युना कोरलेली होती, आणि जहाज टेम्सच्या तळाशी होते.