गृहनिर्मित नौका : कप्तानासाठी आचारसंहिता

इंग्लंडमध्ये घरच्या गॅरेजात शिडाची नाव बांधू पाहणाऱ्या गृहस्थाने प्रथम मोटार रस्त्यावर काढावी आणि ती पुन्हा आत कधी येणार याची तारीख घरात कोणालाही देऊ नये. नाव 'मिरर' जातीची असणे श्रेयस्कर. नौकारचनाकार जॅक होल्ट आणि दूरचित्रवाणीवर घरकाम शिकवणारे बॅरी बक्नेल यांनी १९६२ साली 'डेली मिरर' या वृत्तपत्राच्या पाठबळाने तिची आखणी केली ती रंधा न धरलेल्या हातांसाठीच, आणि प्लायवूडच्या कडांना भोके पाडून त्या तांब्याच्या तारेने टाचायच्या, सांध्यांवर काचतंतूची पट्टी रेझिनने बसवायची व बाहेर राहिलेली तार छाटायची, एवढ्या भांडवलावर अशा ७०,००० हून अधिक नावा तयार झाल्या.

व्हार्निश हा स्वतंत्र व धोक्याचा विषय होय. प्रत्येक थर वाळल्यावर बारीक पॉलिश-कागदाने घासून पुढचा द्यावा असा दंडक असला, तरी शेवटचा थर कोणता हे कोठेही नमूद नसल्यामुळे जातिवंत कप्तान अख्खा उन्हाळा थरच देत बसतो, आणि पाण्यात जाण्याची वेळ आली की वाऱ्याला नावे ठेवतो. अशा माणसाने सरळ जेवणाचे टेबल करावे. अर्थात त्या डोलकाठीवरून त्याचा हात फिरताना पाहिला की हे त्याच्या तोंडावर म्हणवत नाही.

डोलकाठी आखूड पाहून घाबरू नये. गंटर पद्धतीत गॅफ नावाची दुसरी काठी तिच्या माथ्यापुढे जवळजवळ उभी चढते, म्हणूनच वाहतुकीच्या वेळी सगळ्या काठ्या नावेच्या पोटात मावतात. नाळ, म्हणजे नावेचे पुढचे टोक, वाऱ्याकडे करून मगच लाल शीड चढवावे, आणि हॅलयार्ड, म्हणजे ते वर ओढणारा दोर, गॅफ डोलकाठीला बिलगेपर्यंत ताणावा. तो ढिला राहिला तर गॅफ मागे कलते, नाव वाऱ्यावर चढेनाशी होते आणि कप्तान भरती-ओहोटीला दोष देऊ लागतो.

हवाबंद कप्प्यांची बुचे बसवावीत. हे काठावर असतानाच आठवावे.

पुढचे लहान शीड सांभाळणारा सहकारी बहुधा घरचाच, म्हणजे पगाराविना, असल्याने दिशा बदलण्याची सूचना सुकाणू वळवण्यापूर्वी द्यावी; बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, त्याच्या डोक्यावरून गेल्यानंतर दिलेली सूचना शास्त्रात धरली जात नाही. वाऱ्याचा झोत आल्यास शीट, म्हणजे मोठे शीड आवरणारा दोर, सैल सोडावी. ओरडल्याने झोत कमी होत नाही.

तरीही नाव उलटलीच, तर कप्तानाने पोहत तळाकडे जाऊन डॅगरबोर्डवर, म्हणजे तळातून खाली उतरणाऱ्या फळीवर, उभे राहून कड खेचावी, आणि सहकाऱ्याने आतल्या बाजूला नावेला लगटून तरंगत राहावे. नाव सरळ होताना सहकारी आपोआप आत उचलला जातो व कप्तान पाण्यात उरतो. चूक कोणाची याची चर्चा त्याने या अवस्थेत काढू नये.