यादी फाडा, लायडनला उतरा

बारा दिवसांत सात देश. टूरच्या पत्रकावर ही ओळ ठळक छापलेली असते आणि आपण तिलाच भुलतो. सोबत दोन-अडीच वर्षांचं लेकरू असेल तर ते पत्रक फाडून टाका. सकाळी साडेसहाला नाश्ता, साडेसातला बस, दिवसभराचा रस्ता, मध्ये एक धबधबा, रात्री नवं हॉटेल, नवी गादी. मोठी माणसंसुद्धा चौथ्या दिवशी एकमेकांवर खेकसायला लागतात. लेकरू पहिल्याच दिवशी रडून घेतं, आणि मग बसमधली चाळीस माणसं त्याच्या आईकडं बघतात. बापाकडं कुणी बघत नाही.

आमच्या जांब समर्थमध्ये परदेशाचं नवल आता ओसरलं आहे. पोरं-सुना पुण्यात नोकरीला आहेत. रामनवमीच्या उत्सवाला गावी आली की मंदिराच्या आवारात बेत शिजतात: पुढच्या वसंतात ट्यूलिप बघायला जाऊ. जरूर जा. इथं एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो, तिथं हॉलंडात दुपारी तेरा-चौदा अंश असतात. शाळेतल्या पोरांना वार्षिक परीक्षा संपेपर्यंत हलता येत नाही, म्हणून त्यांची घरं मे महिन्याच्या गर्दीत सापडतात. शाळेत न जाणाऱ्या लेकराच्या घराला ही दोन-तीन वर्षंच मोकळी मिळतात. ती वाया घालवू नका.

गावात अशा वेळी एक दाखला हमखास निघतो. आपला नारायण, म्हणजे समर्थ रामदास, बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघाला, मुलूख पालथा घातला, तेव्हा लेकराला लवकर फिरवलं पाहिजे. दाखला देणाऱ्यांनी चरित्र पुन्हा वाचावं. नारायण निघाला तेव्हा बारा वर्षांचा होता, दोन वर्षांचा नव्हता. निघाल्यावर त्यानं दहा ठिकाणं पाहिली नाहीत. नाशिकजवळच्या टाकळीला जाऊन तिथंच बारा वर्षं राहिला. मुलूख पाहिला तो त्यानंतर, आणि त्यालाही आणखी बारा वर्षं दिली. समर्थांचं नाव घेऊन बारा दिवसांत सात देश उरकू नका.

खरा दाखला हवा असेल तर पंडिता रमाबाईंचा घ्या. 1883 च्या उन्हाळ्यात त्या मुंबईहून बोटीनं इंग्लंडला निघाल्या तेव्हा कडेवर मनोरमा होती, नुकतीच दोन वर्षांची झालेली. नवरा वारलेला. समुद्रावरच जवळजवळ महिना गेला. उतरल्यावर त्या देश बघत हिंडल्या नाहीत. वाँटेजच्या मठात जाऊन राहिल्या. रमाबाई शाकाहारी होत्या, तिथंही शाकाहारीच राहिल्या. त्या सहलीला गेल्या नव्हत्या, शिकायला गेल्या होत्या, हे मान्य. पण दोन वर्षांच्या लेकराला परक्या मुलखात कसं न्यावं, हे त्यांच्याकडून शिकता येतं: मुक्काम एक ठेवायचा आणि आपलं खाणं सोडायचं नाही.

म्हणून मी सांगतो, एकच गाव निवडा. ट्यूलिपसाठी जायचं असेल तर लायडन निवडा. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळावरून थेट आगगाडी आहे, पंधरा-वीस मिनिटांत पोचवते. स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की डे फाल्क ही 1743 सालची पवनचक्की समोर उभी राहते. नाचुरालिस संग्रहालयात ट्रिक्स नावाच्या टी-रेक्स डायनोसॉरचा खराखुरा सांगाडा आहे; तो बघून कुठलंही लेकरू अर्धा तास गप्प होतं. कालव्यात बदकं आहेत, उघडमीट होणारे पूल आहेत. एवढ्यावर आठ दिवस सहज निघतात. चार वर्षांखालच्या लेकराला तिथल्या आगगाडीत तिकीट लागत नाही.

क्युकेनहॉफ बाग लायडनहून थेट बसनं गाठता येते. ती मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडते आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बंद होते. वर्षात मिळून आठेक आठवडे. 32 हेक्टर, म्हणजे आपल्या हिशेबानं ऐंशी एकर, आणि जमिनीत 70 लाख कंद. आवारात पवनचक्की आहे, खेळायची जागा आहे, हात लावता येतील अशी जनावरं आहेत. तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं आणि त्यावर आत शिरायची वेळ असते. पहिलीच वेळ घ्या. ऐंशी एकर पुरं करायच्या नादी लागू नका. लेकरू बकरीपाशी रमलं तर त्या दिवशीची सहल म्हणजे बकरी. फूल त्याला बाबागाडीतूनही दिसतं. मात्र 27 एप्रिल टाळा. त्या दिवशी तिथं राजाचा वाढदिवस सगळा देश रस्त्यावर येऊन साजरा करतो.

आता झोप. इथं सगळे फसतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढं जातात. त्याआधी हॉलंड आपल्या साडेचार तास मागं असतं, त्यानंतर साडेतीन. जांबमध्ये सकाळी सहाला उठणारं लेकरू तिथं एप्रिलात रात्री अडीचला डोळे उघडतं आणि संध्याकाळी साडेपाचला पेंगतं. पहिले तीन दिवस हेच चालणार. त्याच्यावर ओरडून काही होत नाही. अडीचला उठलं तर दिवा मंद ठेवा, खाऊ द्या, खेळवा. सकाळी सगळ्यांच्या आधी बाहेर पडा, चारपर्यंत खोलीवर या. एप्रिलअखेर तिथं नऊच्या आसपास उजेड मावळतो, त्यामुळं जाड पडद्यांची खोली मागा. रात्रीच्या नावेतून फेरफटका, रोषणाई, उशिराचं जेवण हे सगळं लेकराच्या घराच्या यादीतून खोडा.

खोली घ्याल ती स्वयंपाकघर असलेली घ्या. मऊ भात आणि वरण मिळालं तर परक्या गावात लेकराची अर्धी रड थांबते. तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट, नाचणीचं पीठ, छोटा कुकर, सगळं सामानात जातं. जात नाही ते तूप. घरचं तूप, पेढे, खवा, दुधाचं काहीही बाहेरून युरोपीय संघात न्यायला प्रवाशाला बंदी आहे. फक्त लहान बाळाचं डबाबंद दूध-पावडरीचं अन्न चालतं, माणशी दोन किलोपर्यंत, ज्याला उघडण्याआधी फ्रीज लागत नाही असं. आणि आपली जालन्याची मोसंबी! लेकराला वाटेत सोलून द्यायला पिशवीभर घेऊन निघाल, तर वनस्पती-आरोग्याच्या दाखल्याशिवाय ती आत जात नाही. आंबाही नाही. केळ, नारळ, खजूर चालतात. आजीनं तुपाचा डबा बांधायच्या आधी तिला हे सांगा. विमानतळावरच्या टोपलीत तो डबा पडताना बघायची वेळ तिच्यावर आणू नका.

डॉक्टरांकडं निघण्याच्या आदल्या दिवशी जाऊ नका. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत असतो. दुसरा राहून जातो, कारण तोवर लेकरू धडधाकट दिसत असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागात 2024 मध्ये गोवराचे सव्वा लाखावर रुग्ण नोंदले गेले, 1997 नंतरचे सर्वाधिक. लसीचं कार्ड आजच काढून बघा.

कागदांचं दुखणं त्याहून जुनं. 1 ऑक्टोबर 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकराच्या पासपोर्टला जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखला चालतो. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे लेकरू जांबचं, पण दाखला परतूर, अंबड किंवा परभणीचा, जिथं जन्म झाला तिथला. तो काढायला आजोबांनी खेपा घालायच्या. त्यात दाखला नोंदवला तेव्हा बारसं झालेलं नसतं, म्हणून नावाची जागा कोरी. वर्षाच्या आत नाव मोफत चढतं, नंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. वर्षभरात चढवलं असेल तर शाब्बास. बहुतेक घरांत ही गोष्ट पासपोर्टचा अर्ज भरताना उघडकीला येते. तेव्हा इंग्रजीतल्या नावाची अक्षरं, आईच्या पासपोर्टावरचं नाव आणि दाखल्यावरचं आईचं नाव जुळतं का, हेही तपासा. एखाद्या जादा ‘ए’पायी एप्रिल हातचा जातो.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो. ट्यूलिपच्या हंगामात भेटीच्या वेळा भराभर भरतात, तेव्हा जानेवारीतच अर्जाला हात घाला. सहा वर्षांखालच्या लेकराला व्हिसा शुल्क नाही आणि बारा वर्षांखाली बोटांचे ठसे नाहीत. प्रवासविमा मात्र त्याचाही हवा, किमान 30 हजार युरोचा.

दोन वर्षं पुरी व्हायच्या आत उरकून घेऊ, तिकीट वाचेल, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. दोन वर्षांखालचं लेकरू मांडीवर बसतं, भाडं थोडं लागतं, हे खरं. पण मुंबई ते ॲमस्टरडॅम नऊ तास, तेही बहुधा मध्यरात्रीनंतर निघणारं विमान, आणि ती मांडी आईची असते. जाणाऱ्या बापानं एकदा नऊ तास बारा किलोचं लेकरू मांडीवर घेऊन दाखवावं, मग बचतीचं बोलावं. शिवाय वय प्रत्येक उड्डाणाच्या दिवशी मोजतात. सहलीत वाढदिवस आला तर परतीला सीट घ्यावीच लागते. जालन्याहून वंदे भारतनं मुंबईला आदल्या दिवशी पोचा, एक रात्र झोपा, मग विमान गाठा. समृद्धीवरून गाडी हाणत थेट विमानतळावर उतरण्यात काही मर्दुमकी नाही.

शेवटचं, आणि मला सगळ्यात जास्त टोचणारं. आजीला सोबत न्यायचं ते लेकरू सांभाळायला. मी अशी घरं पाहिली आहेत. पोरगा-सून बागेत, आजी खोलीत, लेकरू झोपलेलं, आणि परतल्यावर आजीला मोबाइलवर ट्यूलिप दाखवतात. उभा जन्म त्या बाईनं शेतात नि चुलीपुढं काढला. तिला परदेशी नेऊन पुन्हा लेकराच्या उशाशी बसवता? दुपारी लेकरू झोपलं की त्याच्यापाशी बापानं थांबावं. सासू-सुनेनं बागेत जावं, बाकावर बसावं, हवं तेवढं बसावं. बापाला बाग दुसऱ्या दिवशी बघता येते. आठ दिवस एकाच गावात राहतोय तो.

आणि आजीचा अर्ज लेकराच्या अर्जाबरोबरच भरा. नव्या पासपोर्टच्या शुल्कात साठीपुढच्यांना दहा टक्के सूट आहे. आठ वर्षांखालच्या लेकराला आहे, तेवढीच.