तासवाल्या वहिनी

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत डॉक्टरेट करणारी माणसं ओळखायला सोपी असतात. पीएचडीवाल्याला ‘कुठवर आलं?’ विचारलं की तो विषय बदलतो. डीएनपी करणारी नर्स मात्र न विचारताच सांगते, “सहाशे बारा झाले, तीनशे अठ्ठ्याऐंशी राहिले.” हा हिशेब तासांचा असतो.

आमच्या मित्राची बायको, म्हणजे वहिनी, याच जातकुळीतल्या. डीएनपी म्हणजे डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस. २००४ साली अमेरिकेतल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने ठरवलं की २०१५ पर्यंत वरच्या दर्जाच्या नर्सेसचं शिक्षण मास्टर्सवरून डॉक्टरेटवर न्यायचं. २०१५ आलं आणि गेलं. भूल देणाऱ्या नर्सेसना पुढे डॉक्टरेटची सक्ती झाली, पण नर्स प्रॅक्टिशनरचं काम आजही मास्टर्सवर चालतं. वहिनी नर्स प्रॅक्टिशनरच आहेत. म्हणजे हा खटाटोप त्यांना कोणी करायला लावलेला नाही. हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारायचं नसतं.

नर्सिंगच्या पहिल्या पदवीनंतरचे किमान १००० तास प्रत्यक्ष कामाचे हवेत, असा त्यांच्या अभ्यासक्रमाचा दंडक. मास्टर्सचे सहाशे त्यांनी वळते करून घेतले आणि उरलेल्या चारशेंच्या मागे लागल्या. आता कोणी म्हणेल, रात्रपाळीला बारा-बारा तास आयसीयूत उभी राहणारी बाई हे चारशे तर दोन महिन्यांत उडवेल. इथेच गोम आहे. नेहमीच्या नोकरीचे तास धरत नाहीत! पहाटे तीनला एखाद्याचा जीव वाचवला तर शून्य. त्याच सकाळी जागरणाने तारवटलेल्या डोळ्यांनी रुग्णसुरक्षा समितीच्या बैठकीत बसून राहिलं तर दोन. अर्थात उद्दिष्ट आधी लिहून दिलेलं हवं आणि खाली प्रीसेप्टरची सही हवी. प्रीसेप्टर म्हणजे देखरेख करणारी अनुभवी व्यक्ती. ती बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यानेच शोधायची. मुलीसाठी स्थळं पाहावीत तशा वहिनी प्रीसेप्टर पाहत हिंडल्या.

त्यानंतर जगाचे दोनच भाग उरले: धरतात ते आणि धरत नाहीत ते. गणपतीत मंडळाने रक्तदाब तपासणी ठेवली, तर मांडवात शिरताच पहिला प्रश्न, “हे धरतील का?” पूर्वपरवानगी नव्हती, सबब धरणार नव्हते. तरी तपासले सगळ्यांचे. फक्त दर चार माणसांमागे एक सुस्कारा.

नियमावली त्यांना आरतीसारखी पाठ. ‘बी’च्या खाली ग्रेड गेली तर विषय पुन्हा. पदवी पुरी करायला अमुक वर्षांची मुदत. प्रोजेक्ट लांबला तरी दर सत्राला नाव नोंदवून पैसे भरायचेच. फ्लूची लस, क्षयाची चाचणी, सीपीआरचं कार्ड, सगळं ताजं हवं. नवरा कधी चुकून म्हणाला, “या डिसेंबरात भारतात जाऊ या,” तर त्याला थेट नियमाचं कलम ऐकवण्यात यायचं.

पण खरी करमणूक प्रोजेक्टची. कॅथेटर गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवला की लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग होतो, हे वहिनी मिरजेला नर्सिंग शिकताना पहिल्याच वर्षी शिकल्या होत्या. तिथल्या मेट्रन राउंडला आल्या की चादर वर करून विचारायच्या, “हा अजून का?” त्याच दुपारी कॅथेटर निघायचा. इथे त्याच प्रश्नाचा आधी ‘पिकॉट’ करावा लागतो: रुग्ण कोण, उपाय कोणता, तुलना कशाशी, फळ काय, मुदत किती, सगळं एका वाक्यात. वहिनींचं ते वाक्य मी वाचलंय. मध्ये चहा घ्यावा लागला. मग नीतिसमितीकडे अर्ज. पीएचडीवाला नवं ज्ञान शोधतो, डीएनपीवाली असलेलं ज्ञान वॉर्डात राबवते. त्यामुळे हा अर्ज आपलं काम संशोधन नाही, असं मान्य करून घेण्यासाठी असतो. तसं पत्र आलं तेव्हा वहिनींनी पेढे वाटले. संशोधन नाही ठरलं म्हणून पेढे कसले, हे सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर शेवटपर्यंत पटलं नाही.

रुग्णालयाने परवानगी मात्र झटक्यात दिली. रुग्णालयात आल्यावर झालेल्या या संसर्गाचे जादा पैसे द्यायचं मेडिकेअरने २००८ पासून बंद केलं आहे. मेट्रनबाईंच्या प्रश्नाला नसलेलं वजन त्या नकाराला होतं. मी हे जरा खवचटपणे म्हणालो, तर वहिनी शांतपणे म्हणाल्या, “भावजी, मेट्रनबाई रजेवर गेल्या की कॅथेटर तसेच राहायचे. डॉक्टरची वाट न बघता नर्सने तो कधी काढायचा, हे लिहून ठेवलं की कोणीही रजेवर जावं.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी पेढा घेतला.

गेल्या मे महिन्यात पदवी मिळाली. आता नवी पंचाईत. काही राज्यांत अशा नर्सने दवाखान्यात स्वतःला डॉक्टर म्हटलं, तर आपण नर्स आहोत हेही लगेच सांगावं लागतं. वहिनींनी हा नियम घरीदारी सगळीकडे लागू केला. मंडळाच्या सूत्रसंचालकाने ‘डॉक्टर’ म्हणून पुकारलं, तर माइक हातात घेऊन आधी तीन मिनिटं खुलासा. खाली उतरल्या तोवर एक काका पँट वर करून तयार. खुलासा ऐकूनही हटेनात.

“मग डॉक्टर नाही तर उपयोग काय?” असं म्हणत त्यांनी सुजलेले घोटे दाखवले. वहिनींनी बोटाने दाबून पाहिलं, धाप लागते का विचारलं आणि म्हणाल्या, “रक्तदाबाची गोळी कुठली? अ‍ॅम्लोडिपीन? त्यानेही सूज येते. मनाने बंद करू नका, सोमवारी तुमच्या डॉक्टरांना फोन करा.”

डॉक्टरांनी गोळी बदलली. पुढच्या कार्यक्रमाला घोटे घेऊन आलेल्यांची रांग बटाटेवड्याच्या रांगेहून लांब होती, आणि रांगेच्या तोंडाशी उभा राहून आमचा मित्र खुलासा आधीच करून टाकत होता.