एटी नाना

नाना आधी तुमच्या गाडीच्या चाकाला भेटतात, मग तुम्हाला. बारसं असो, साखरपुडा असो, नाहीतर मराठी मंडळाचा गणपती. यजमान दारात हात जोडून उभे आणि हे खाली पार्किंगमध्ये उकिडवे बसलेले. खिशातून एक छोटा स्क्रू ड्रायव्हर निघतो, टायरच्या खाचेत शिरतो आणि टक् करून एक खडा फरशीवर पडतो. तो उजेडात धरून नाना विचारतात, "कुठं नेली होतीत गाडी?" आपण गाडी अट्टा मार्केटला नेलेली असते, कोथिंबीर आणायला.

असला एक नमुना तुमच्याही ओळखीत असणारच. कुणाचे ट्रेकिंगचे बूट असतात, कुणाचा हजार मीटरवर प्रकाश फेकणारा टॉर्च असतो. वस्तू दणकट, वापर मात्र तिसऱ्या मजल्यावरून खाली कचरा टाकायला जाण्यापुरता. आमच्या नानांच्या वाट्याला टायर आले. तेसुद्धा साधे नव्हेत, ऑल-टेरेन. नाना त्यांना घरच्या माणसासारखं 'एटी' म्हणतात, आणि सोसायटी नानांना.

गाडी स्कॉर्पिओ, डिझेल, 2015 ची. तिचा रोजचा प्रवास सेक्टर 78 ते फेज टूमधला कारखाना, जिथं नाना क्वालिटी कंट्रोलला आहेत. या वाटेवर चढ म्हणावा असा एकच, आमच्या बेसमेंटचा रॅम्प. पण जुने टायर बदलायची वेळ आली तेव्हा नानांनी जाहीर केलं, "आपला वापर सत्तर टक्के रस्ता, तीस टक्के रान." हे तीस टक्के कुठून आले, हे नोएडात कुणालाच सांगता आलं नाही. वहिनी म्हणाल्या, "सोसायटीच्या मागची गल्ली पाइपलाइनसाठी खणून ठेवलीय ना, ते रान."

टायर घ्यायचे ठरलं 2022 मध्ये. घेतले 2024 च्या दिवाळीत. मधला काळ आम्ही सगळ्यांनी मिळून काढला. एचटी म्हणजे डांबरावर शांत चालणारा, पण चिखल दिसला की अवसान गाळणारा. एमटी म्हणजे जाडजूड ठोकळ्यांचा. चिखलात राजा, रस्त्यावर मात्र घोंगावून कान किटवणारा. दोघांच्या मधला तो एटी. एवढं आमच्या इमारतीतली शाळकरी पोरंही सांगू लागली. योकोहामाचा जिओलँडर, अपोलोचा ॲप्टेरा, सीएटचा झार, एमआरएफचा वाँडरर अशी स्थळं येत होती आणि नाना प्रत्येकात खोट काढत होते. याची साइडवॉल नाजूक, त्याचं वजन जास्त, तिसरा ओल्या डांबरावर ब्रेकला उशीर लावतो. मन खरं बीएफगुडरिचवर होतं. "त्यांनी ऑल-टेरेन रेडियल काढला 1976 मध्ये, आणि नोएडा वसलं तेही 1976 मध्येच. पत्रिका जुळते," असं ते गंभीरपणे सांगत. पण 2020 च्या जूनमध्ये सरकारनं टायरच्या आयातीला परवान्याची अट घातली होती. त्यामुळे हवा तो साइज मिळेना, आणि मिळालाच तर किंमत ऐकून वहिनींची हवा जाई. टायरवाल्याकडे नाना इतक्यांदा गेले की तो त्यांना चहा विचारायचा बंद झाला. शेवटी न राहवून त्यानंच विचारलं, "सर, नोएडा में पहाड़ कहाँ है?"

नाना त्याला उत्तर न देता समोरच्या गिऱ्हाइकाच्या चाकातला खडा काढू लागले.

खड्यांबद्दल त्यांचे सिद्धांत ठाम. "हा लॅन्सडाउनचा. हा अरवलीचा, क्वार्टझाइट आहे." एकदा पाचव्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाईंनी मधे तोंड घातलं. त्या म्हणाल्या, "नाना, हा गंगा-यमुनेचा दुआब. खाली खोलवर नुसता गाळ. इथल्या मातीत स्वतःचा दगडच नाही. असेलही अरवलीचा, पण तो ट्रकनं आलाय, खडी म्हणून." नाना क्षणभर गप्प झाले. मग खडा खिशात टाकत म्हणाले, "ट्रकला टायर कुठले असतील?"

लॅन्सडाउनचंही ऐकून ठेवा. हॉटेलच्या दारापर्यंत डांबरी सडक निघाली, तर गृहस्थांनी गाडी मुद्दाम कडेच्या खडकाळ पट्टीवर घातली, दोनदा मागेपुढे केली आणि उतरून चाकं पाहिली. वहिनी आणि सामान आतच होतं. वाळूत गेलं की टायरची हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवायची आणि बाहेर आलं की परत भरायची, हे त्यांना पाठ. त्यासाठी डिकीत कंप्रेसर कायमचा. यमुना खादरातली वाळू मात्र त्यांनी फक्त डीएनडीच्या पुलावरून पाहिलेली.

माणसांचे वाढदिवस नाना विसरतात, टायरचे नाही. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. एकदा साखरपुड्यात नवऱ्या मुलाच्या वडिलांना बाजूला घेऊन ते म्हणाले, "तुमच्या गाडीचे टायर 2014 च्या एकतिसाव्या आठवड्यातले आहेत. नक्षी दिसतेय, पण रबर म्हातारं झालंय." व्याह्यांना वाटलं, हुंड्याची भाषा आहे.

आता इथपर्यंत लिहिल्यावर गप्प बसता येत नाही, म्हणून 2024 च्या पावसाळ्यातली गोष्ट सांगून टाकतो. सकाळी मुलांची व्हॅन फाटकाशी आली. नाना सवयीनं खाली बसले, स्क्रू ड्रायव्हर चाकावरून फिरवला आणि तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "ह्यात खडा अडकायलाच जागा नाही." कायदा 1.6 मिलिमीटर खोली मागतो. इथं चाकावरून हात फिरवला तर लागत होतं ते फक्त रबर. ड्रायव्हर हिंदीत गयावया करत होता, पालकांना ऑफिसला उशीर होत होता, पाऊस लागला होता. नाना व्हॅनच्या पुढं जाऊन उभे राहिले. मुलं त्या दिवशी स्कॉर्पिओतून गेली, दोन खेपांत. दुसऱ्या दिवशीही तशीच. तिसऱ्या दिवशी व्हॅन आली ती चार कोऱ्या टायरांवर. पैसे कुणी भरले ते व्हॅनवाला सांगेना, नानाही सांगेनात. नानांचे पावसाळ्यात यायचे एटी दिवाळीवर का गेले, ते वहिनींनी आम्हाला भाऊबिजेला सांगितलं. सांगताना त्या चिडलेल्या होत्या, म्हणजे चिडल्यासारखं बोलत होत्या.

एटी आले. एक्स्प्रेसवेवर ऐंशीच्या पुढं गाडी गुणगुणू लागली. वहिनी रेडिओ मोठा करत, नाना बारीक करत.

आणि 2025 उजाडलं. दहा वर्षांची डिझेल गाडी एनसीआरमध्ये चालवायची नाही, हा हरित लवादाचा आदेश 2015 चा, म्हणजे नानांनी स्कॉर्पिओ घेतली त्याच वर्षाचा. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो उचलून धरला. दोन वर्षं साइडवॉलवरचा आकडा न् आकडा वाचणाऱ्या माणसानं आरसीवरची तारीख वाचली नव्हती, की वाचूनही बाजूला ठेवली होती? आमच्यात यावर दोन मतं आहेत. टायरच्या कडेचे रबरी केससुद्धा अजून शाबूत होते. दिल्लीत जुन्या गाड्यांना पेट्रोल-डिझेल बंद करायची तारीख जाहीर झाली, तेव्हा नानांनी मुकाट्यानं एनओसी काढली आणि जूनमध्ये गाडी पाटणकडच्या पुतण्याला द्यायला स्वतः चालवत निघाले. नोएडा ते सातारा सगळा चौपदरी रस्ता, गुळगुळीत. फक्त पुतण्याच्या घराची शेवटची चढण कच्ची, आणि आदल्या रात्री पाऊस झालेला. पुतण्या सांगत होता, काका सरळ वर आले, घसरले नाहीत, अंगणात थांबले आणि गाडी वळवून पुन्हा खाली गेले. परत वर आले. असं काळोख पडेपर्यंत चाललं होतं. शेवटी खाली बसून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर काढला, पण खडा एकही निघाला नाही. नुसती तांबडी माती.

गोवा एक्स्प्रेसनं परत आले ते वाण्याच्या दुकानापर्यंतही पायी जाऊ लागले.

ऑगस्टमध्ये न्यायालयानं सांगितलं की अशा जुन्या गाड्यांच्या मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई करू नका. नानांनी बातमी मला मोठ्यानं वाचून दाखवली, तारखेसकट, आणि पेपर घडी करून ठेवला. मी काही बोलणार तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. "काका, गाडी झकास आहे. पण टायर फार आवाज करतात, डिझेलही जास्त पितात. साधे टाकू का?"

नाना उठून गॅलरीत गेले. आम्हाला वाटलं, संपलं. पण आतून ऐकू येत होतं ते असं : "तुझा वापर सांग आधी. रस्ता किती टक्के, रान किती? ऊस भरतोस का मागं? मग लोड इंडेक्स बघावा लागेल. घाई करू नकोस. एचटी घ्यायचा तरी त्यात सात प्रकार आहेत."

वहिनींनी कुकर बंद केला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जेवून घ्या. आता दोन वर्षं जातील."