आवाज ‘मोकळा’ करणाऱ्या केबलच्या विक्रेत्यास

महाशय,

मंडईच्या, म्हणजे आमच्या जत्रेच्या, तोंडावर तुम्ही आसगावात आलात आणि नाटकाच्या साऊंडसाठी दीड मीटरची पॉवर केबल व लाईन फिल्टर आमच्या मंडळाच्या गळ्यात मारलेत. स्पीकरमधली घुंईं जाईल, गायकाचा आवाज मोकळा होईल, असं छातीठोक सांगितलंत. पैसे गेले, घुंईं राहिली. त्या पैशात दोन चांगले माईक आले असते.

डीपीपासून ॲल्युमिनियमच्या तारांवरून, फांद्यांना घासत आलेली वीज तुमच्या शेवटच्या दीड मीटरात शुद्ध होते म्हणता? कुठल्या तीर्थाचं पाणी भरलंय त्या केबलमध्ये? अहो, तिच्यातून गाणं जात नाही. जाते ती २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज. ॲम्प्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर तिचा दाब बदलतो, रेक्टिफायर डीसी करतो, कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरतात आणि स्पीकर त्या साठ्यावर वाजतो.

हिशोबच करू. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम. बोर्डापासून मंडपापर्यंत ५० मीटर, जाऊन-येऊन १००. दहा अँपिअर ओढले की १२ व्होल्ट तिथेच गळतात. तुमच्या केबलच्या जागी साधी दीड मीटर केबल असती, तर तिच्यात अर्धा व्होल्टही गेला नसता. खरी गळती जिथे होती, तिकडे तुम्ही ढुंकूनही पाहिलं नाहीत.

फिल्टर उच्च वारंवारितेची खरखर अडवतो, हे मान्य. पण ५० हर्ट्झ त्याला आत सोडावेच लागतात, मग घुंईं अडणार कशी? आमचा मिक्सर एका घरच्या बोर्डावर होता, ॲम्प्लिफायर दुसऱ्याच्या. प्लग तुटलेला, वायरी काडेपेटीच्या काड्या खोचून सॉकेटात बसवलेल्या, अर्थिंगचा पत्ता नाही. गावच्या वायरमनने दोन्ही यंत्रं नीट अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर घेतली आणि घुंईं थांबली. शिवाय, माईक हातात धरणाऱ्या नटाला झटका बसायचा धोकाही टळला. त्याच्या जिवाची काळजी तुमच्या माहितीपत्रकात एका ओळीचीही नाही.

अजून दावा खरा वाटत असेल, तर पुढच्या मंडईला या. केबल पडद्याआड बदलू, कधी तुमची, कधी साधी. दहापैकी नऊ वेळा ओळखून दाखवा.

आणि आपल्या पवनी तालुक्यातल्या मंडळांनो, यंदा वर्गणीतून आधी अर्थिंग करून घ्या, आयएसआय मार्काची पुरेशी जाड वायर घ्या आणि वायरमनची मजुरी वेळेवर द्या.

आपला,
मंडळाचा एक कार्यकर्ता, आसगाव